आद्याक्षरं जुळणाऱ्या नावांची प्रश्नफेरी : नावं निवडताना काय पाहायचं

एका वाचनालयाच्या कार्यकर्त्या ताईंनी विचारलं आहे : २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, वाचनालयात प्रश्नमंजूषा आहे. त्यातली एक फेरी नाव आणि आडनाव एकाच अक्षराने सुरू होणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींवर ठेवायची आहे. इंटरनेटवरून आणि आठवणीतून त्यांनी यादी केली आहे : चार्ली चॅप्लिन, मेरिलिन मन्रो, पाब्लो पिकासो, जॉर्ज गर्श्विन, ख्रिस केर्न्स, सुशीलकुमार शिंदे, बाबा भांड, शांता शेळके, किशोरकुमार. यांतली कोणती चालतील, आणखी कोणती घ्यावीत, आणि ‘अशी नावं असणारी माणसं भाग्यवान असतात’ असं निवेदनात म्हणावं का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. शाळा, वाचनालयं आणि मंडळांसाठी मी गेली बरीच वर्षं प्रश्न काढतो आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : असं काही म्हणू नका. समजा, नावं आणि आडनावं वीस अक्षरांत अगदी सारखी वाटली गेली असती, तर दर वीस माणसांमागे एकाची आद्याक्षरं निव्वळ योगायोगाने जुळली असती. प्रत्यक्षात वाटणी सारखी नसते. प, स, म, क, ब यांनी सुरू होणारी नावंही आपल्याकडे भरपूर आणि आडनावंही भरपूर. म्हणजे सभागृहात दोनशे माणसं असतील तर दहाएक हात सहज वर येतील. फेरी सुरू करताना हे विचारूनच बघा. विषय समजावून सांगावा लागत नाही आणि लोक लगेच आपापल्या घरातली नावं मोजायला लागतात. पण त्याला भाग्याशी जोडलं की समोर बसलेल्या मुलांच्या डोक्यात आपण नसती गोष्ट घालतो. वाचनालयाच्या व्यासपीठावरून ते होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आता नियम. तुमच्या यादीतली बरीच नावं रोमन लिपीतल्या याद्यांमधून आलेली दिसतात, आणि अडचण तिथेच आहे. रोमन लिपीत स आणि श एकाच अक्षराने सुरू होतात, ब आणि भ एकाच, द आणि ध एकाच. त्यामुळे सुशीलकुमार शिंदे, सयाजी शिंदे, बाबा भांड, दादा धर्माधिकारी ही सगळी नावं त्या लिपीत जुळतात आणि मराठीत लिहिली की सुटतात. संगीतकार जॉर्ज गर्श्विनचंही तसंच. एक ज, एक ग. क्रिकेटपटू ख्रिस केर्न्स तर वर्तमानपत्र ‘ख्रिस’ छापतं की ‘क्रिस’ यावर अवलंबून, म्हणजे हमखास भांडणाचं नाव. उलट काही नावं रोमन यादीत कधीच सापडणार नाहीत, पण आपल्याकडे चपखल बसतात. गायक कर्ट कोबेन घ्या, किंवा बालसाहित्यकार विजया वाड. सुपरमॅनचं माणसांतलं नाव क्लार्क केंट हे रोमन लिपीत दोन वेगळ्या अक्षरांचं आहे. देवनागरीत क आणि क.

भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम आहे, तेव्हा देवनागरीच प्रमाण धरा आणि तसं सुरुवातीलाच जाहीर करा. नावाचं पहिलं व्यंजन आणि आडनावाचं पहिलं व्यंजन एकच हवं. काना, मात्रा, वेलांटी मोजायची नाही. जोडाक्षर असेल तर त्यातलं आधीचं व्यंजन धरायचं, म्हणजे प्रतिभा पाटील आणि प्रभाकर पणशीकर ही नावं बसतात. क्ष आणि ज्ञ मात्र स्वतंत्र अक्षरं समजा. स्वरांत अ, आ आणि ॲ एका घरात ठेवा. इ-ई एका घरात, उ-ऊ एका घरात. अनिल अवचट कुठल्याही नियमाने जुळतातच, पण टेनिसपटू आर्थर ॲशला आत घ्यायचं तर ही सवलत लागते, आणि त्याला आत का घ्यायचं ते पुढे येईल. मधलं नाव, वडलांचं असो वा नवऱ्याचं, हिशेबात धरायचं नाही. बा. भ. बोरकरांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवा. रोमन लिपीत त्यांची तिन्ही आद्याक्षरं एक, देवनागरीत मधला भ वेगळा. आपल्याला बाळकृष्ण आणि बोरकर एवढंच पाहायचं आहे.

टोपणनाव किंवा पडद्यावरचं नाव चालेल का? ज्या नावाने लोक ओळखतात ते धरावं, पण त्यात नाव आणि आडनाव अशा दोन जागा स्पष्ट हव्यात. किशोरकुमार म्हणजे खंडव्याचे आभासकुमार गांगुली. ‘कुमार’ हे त्यांचं आडनाव नव्हे, आणि आपण ते नाव लिहितोही एका शब्दात. आचार्य अत्र्यांचं ‘केशवकुमार’ हे नावही याच कारणाने बाहेर राहतं. मी दोन्ही गाळीन.

नियमात बसणारी नावं ढिगाने मिळतील. कथाकार गंगाधर गाडगीळ आणि बाबूराव बागूल, चित्रकार दीनानाथ दलाल, क्रिकेटमधले दिलीप दोशी, वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी. एकेक माणूस मोठा. तरीही नुसतं ‘ओळखा पाहू’ करून ही नावं मांडलीत तर ज्याला पाठ आहे तो सांगेल आणि बाकीचे गप्प बसतील. माझा आग्रह असा की निदान निम्मी नावं तरी अशी घ्या, ज्यांत आद्याक्षरं जुळण्यामागे काही कारण आहे. कारण असलं की ज्याला उत्तर माहीत नाही, तोही विचार करून तिथवर पोचू शकतो. चांगल्या प्रश्नाची माझ्या लेखी हीच खूण आहे.

आपल्या मुलखात सगळ्यात समृद्ध कारण म्हणजे गाव. गोव्यात आणि कोकणात गावाच्या नावाला ‘कर’ लागून आडनाव होतं, आणि मुलाचं नाव योगायोगाने त्याच अक्षराचं निघालं की जोडी जमते. फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर. बोरी गावाचं आडनाव लावणारे कवी बाकीबाब, म्हणजेच बा. भ. बोरकर. ‘कर’ न लावणारा एक नमुना धारवाडकडे आहे : मन्सूर गावचे मल्लिकार्जुन मन्सूर. यात आणखी एक बारीक धागा आहे. केसरबाई आणि मल्लिकार्जुन दोघंही जयपूर-अत्रौली घराण्याचे. केसरबाईंनी अल्लादिया खाँसाहेबांकडे तालीम घेतली, मल्लिकार्जुनांनी त्यांचे मुलगे मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे. दोघांना एकाच प्रश्नात गुंफता येतं : ‘एकाच घराण्याचे दोन थोर गायक, दोघांचीही आडनावं गावावरून आलेली, दोघांचीही आद्याक्षरं जुळतात, एक गोव्याची, एक कर्नाटकातला.’ गाण्याची थोडी आवड असलेला संघ यावर पाच मिनिटं कुजबुजत बसतो. फेरीत असा एक तरी प्रश्न हवाच.

केसरबाईंवर स्वतंत्र प्रश्न करायचा तर तो कसा बांधावा, ते पायरीपायरीने दाखवतो. पहिली खूण सगळ्यात दूरची द्यायची : ‘१९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे.’ इथे विज्ञानाचं वाचणारी मुलं ‘व्हॉयेजर’ म्हणतील, पण उत्तर व्यक्तीचं हवं आहे. दुसरी खूण : ‘त्या तबकडीवर पंचावन्न भाषांतले नमस्कार आहेत, मराठीतलाही आहे. आणि भारतातलं एकच गाणं आहे, भैरवीतलं, साडेतीन मिनिटांचं.’ तिसरी : ‘गाण्याचे बोल “जात कहाँ हो”. गाणाऱ्या बाई गोव्याच्या.’ चौथी, अगदी शेवटी : ‘नाव आणि आडनाव दोन्ही “के”ने सुरू होतात, आणि आडनावात त्यांचं गाव आहे.’ आद्याक्षराची खूण कधीही आधी देऊ नका. ती आधी दिली की संघ अक्षर घेऊन नावं फेकत बसतात आणि माणसाबद्दल काही ऐकतच नाहीत. उत्तर आल्यावर निवेदकाने दोन वाक्यं सांगावीत. दुसरं व्हॉयेजर २० ऑगस्टला निघालं, पहिलं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई गेल्या. आपल्या गाण्याचं ध्वनिमुद्रण करू देण्याच्या बाबतीत त्या अतिशय काटेकोर होत्या, त्यांची ध्वनिमुद्रणं मोजकीच आहेत. त्यांतलं एक आज ग्रहांच्याही पलीकडे, ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलं आहे. जमलं तर ती साडेतीन मिनिटं सभागृहात ऐकवा. वेळ गेला तरी चालेल, एक प्रश्न कमी करा.

दुसरं कारण नाटकातलं. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे सगळ्यांना माहीत आहे. अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली रंगभूमीवर आलं, आणि प्रभाकर पणशीकरांनी ती भूमिका आयुष्यभर केली. प्रश्न असा करता येतो : ‘आद्याक्षरं जुळणाऱ्या एका नटाने आद्याक्षरं जुळणारं एक पात्र अजरामर केलं. ते पात्र ज्या नावांनी वावरतं त्यांतल्या एखाद्या नावाचीही आद्याक्षरं जुळतात. तिन्ही नावं सांगा.’ प्रभाकर पणशीकर, लखोबा लोखंडे, दिवाकर दातार. वाचनालयाच्या प्रेक्षकांत नाटकवेडे असणारच, त्यांच्यासाठी हा प्रश्न राखून ठेवा. फक्त उत्तर तिन्ही नावांचं मागितलं आहे हे दोनदा वाचा.

परदेशी नावांतही कारण असलेली निवडा. तुमच्या यादीतला पाब्लो पिकासो उत्तम आहे. त्याचे वडील रुईझ, आई पिकासो. स्पेनमध्ये वडलांचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं लावतात. तरुणपणी तो चित्रांवर वडलांचं नावही घालत असे, पुढे ते सोडून नुसतं आईचं ठेवलं. म्हणजे ही जोडी आईकडून आली. मेरिलिन मन्रोचंही मन्रो हे आईचं माहेरचं आडनाव. जन्मनाव नॉर्मा जीन. १९४६ साली स्टुडिओशी करार झाल्यावर पडद्यासाठी हे नाव घेतलं आणि कायद्याने ते १९५६ मध्ये झालं. आई हा दुवा देऊन दोघांना एकाच प्रश्नात आणा : एक चित्रकार, एक नटी. त्यांच्या शेजारी ग्रेटा गार्बो ठेवली तर मजा येते. तिने स्टॉकहोमचं गुस्टाफसन हे आडनाव टाकून गार्बो घेतलं, तरी आद्याक्षरं होती तशीच राहिली.

गॅलिलिओ गॅलिलीचं कारण सगळ्यात जुनं. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समध्ये गॅलिलिओ बोनाइउटी नावाचा नामांकित वैद्य होऊन गेला. त्याच्या मोठेपणामुळे वंशजांनी त्याचं नाव हेच आडनाव केलं. पुढे त्याच घराण्यात १५६४ साली जन्मलेल्या मुलाला पुन्हा पूर्वजाचं नाव ठेवलं. नाव आणि आडनाव दोन्ही एकाच माणसाची आठवण. वैद्य आणि शास्त्रज्ञ दोघांचीही थडगी फ्लॉरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमध्ये आहेत. आजोबा-पणजोबांचं नाव मुलाला ठेवायची पद्धत आपल्याकडेही घरोघरी होती, त्यामुळे हा प्रश्न आपल्या लोकांना पटकन उमगतो.

अमेरिकेच्या अध्यक्षांचा एक सुंदर प्रश्न आहे, तो उलटा विचारायचा. १९१३ ते १९३३ या वीस वर्षांत चार अध्यक्ष झाले : वुड्रो विल्सन, वॉरन हार्डिंग, केल्विन कूलिज, हर्बर्ट हूवर. चारांपैकी तिघांची आद्याक्षरं जुळतात. न जुळणारा कोण? हार्डिंग. पण नावं न देता विचारा : ‘तीन जुळणाऱ्यांच्या मधे आलेला, पदावर असतानाच १९२३ साली वारलेला अध्यक्ष कोण?’ जोडप्रश्नाला जागा असेल तर तिघांतल्या दोघांची मूळ पहिली नावं विचारता येतील. विल्सनचं पाळण्यातलं नाव थॉमस, वुड्रो हे आईचं माहेरचं आडनाव. कूलिजचं नाव जॉन. वडलांचंही जॉन, म्हणून घरात त्याला केल्विन म्हणत. दोघांनीही पहिलं नाव गाळलं तेव्हा ही जुळणी झाली. त्यांच्यानंतर या यादीत नाव आलं ते थेट १९८१ साली, रोनाल्ड रेगन यांचं.

आणि आता आर्थर ॲश. विम्बल्डनच्या पुरुष एकेरीत १९७५ साली ॲश जिंकला, तिथे विजेता ठरलेला पहिला कृष्णवर्णीय पुरुष. पुढची सलग पाच वर्षं, १९७६ ते १९८०, ब्यॉन बोर्ग. म्हणजे ओळीने सहा वर्षं विजेत्याची आद्याक्षरं जुळत होती. मग १९८५, १९८६ आणि १९८९ मध्ये बोरिस बेकर, १९९२ मध्ये आंद्रे आगासी. इथे कारण वगैरे काही नाही, निव्वळ योगायोग. तरी हा प्रश्न मी ठेवीन, कारण सुरुवातीला सभागृहात हात वर करायला लावून जो हिशेब केलात, त्याचा हा मोठा नमुना आहे. योगायोग असेही रांगेने येतात हे मुलांना यातून दाखवता येतं.

बायकांच्या नावांबाबत एक काळजी घ्या. लग्नानंतर आडनाव बदलतं, आणि आपल्याकडे पूर्वी पुष्कळदा नावही बदलत असे. त्यामुळे जुळणी होते तशी मोडतेही. संगीतकार मीना मंगेशकर लग्नानंतर मीना खडीकर झाल्या. प्रतिभा पाटील यांनी माहेरचं पाटील हेच आडनाव कायम ठेवलं, म्हणून देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपतींचं नाव आपल्या फेरीत येऊ शकतं. उत्तरपत्रिकेत कोणत्या काळातलं नाव धरलं आहे ते लिहून ठेवा.

शांता शेळके मात्र या कार्यक्रमाला हव्यातच. जुळणीमागे काही खास कारण नाही, पण त्यांच्यावर एक वेगळा प्रश्न निघतो : ‘आद्याक्षरं जुळणाऱ्या या कवयित्रीने काही गाणी डॉ. वसंत अवसरे या पुरुषी टोपणनावाने लिहिली. १९९६ साली आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या.’ संमेलनाची खूण शेवटी द्या, ती सोपी आहे.

तुमच्या यादीतून मग चॅप्लिन, मन्रो, पिकासो आणि शेळके राहिले. चॅप्लिन सुरुवातीच्या सोप्या प्रश्नाला वापरा. गर्श्विन, केर्न्स, शिंदे आणि भांड ही चार नावं फेकून देऊ नका; त्यांचा ‘रोमन लिपीत जुळतात, देवनागरीत का नाही?’ असा एक प्रेक्षकांसाठीचा प्रश्न करा. भाषा दिनाला तो शोभेल.

बरोबरी सुटण्यासाठी माझ्याकडे एकच प्रश्न आहे, आणि तो मी दर वेळी उभं राहून वाचतो. कारवारजवळच्या चेंदिया गावचा एक तरुण अधिकारी, लष्कराच्या बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलातला सेकंड लेफ्टनंट. ८ ते ११ एप्रिल १९४८, नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता. शत्रूने पेरलेले सुरुंग आणि आडवी पाडलेली झाडं हटवून रणगाड्यांना वाट करून द्यायची, तीही गोळीबार चालू असताना. पहिल्याच दिवशी जखमी होऊनही तो मागे फिरला नाही. परमवीर चक्र मिळालं, आणि ते घ्यायला तो हयात होता. त्याच्या नावात, वडलांच्या नावात आणि आडनावात, तिन्ही ठिकाणी पहिलं अक्षर काना धरून तेच. रामा राघोबा राणे. जो संघ तिन्ही नावं सांगेल त्यालाच पूर्ण गुण द्या. ‘मेजर राणे’ एवढ्यावर अर्धे.

निवेदकाच्या कागदावर प्रत्येक उत्तरापुढे ग्राह्य रूपंही लिहा. बाकीबाब बोरकर, बा. भ. बोरकर आणि बाळकृष्ण बोरकर तिन्ही चालतील. ‘मन्रो’ऐवजी कुणी ‘मुन्रो’ म्हटलं, ‘ब्यॉन’ऐवजी ‘बियाँ’ म्हटलं, तरी द्या. उच्चारावरून गुण कापायचे नाहीत, हे गुणलेखकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.